गाडी झेक, जगज्जेता परका

1968 ते 1975 या आठ वर्षांत मोटरसायकल स्पीडवेचं, म्हणजे मातीच्या छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतींचं, वैयक्तिक जगज्जेतेपद चौघांनी आपसात वाटून घेतलं. न्यूझीलंडचा इव्हान मॉजर चार वेळा, डेन्मार्कचा ओले ओल्सन दोनदा, पोलंडचा येझी श्चाकिएल आणि स्वीडनचा आंदेर्स मिहानेक एकेकदा. चार देशांचे चार जण, पण आठही वर्षं गाडी मात्र एकाच गावाची. प्रागच्या आग्नेयेला दिविशोव नावाचं छोटंसं गाव आहे, तिथल्या कारखान्यात ती बनायची. आधी तिच्यावर ‘एसो’ हे नाव असे, नंतर ‘जावा’ आलं.

आणि झेक स्वार? 1936 पासून ही स्पर्धा चालू आहे. आजवर एकाही झेक माणसाने ती जिंकलेली नाही.

खेळाची यंत्रं ज्यांनी जगाला पुरवली, या प्रकारातली जगातली सर्वांत जुनी मानली जाणारी शर्यत जे 1929 पासून भरवतात, त्यांच्या वाट्याला हे का यावं? झेक स्वार कच्चे होते असं म्हणून सुटका होत नाही. दोन झेक मुलं 21 वर्षांखालच्या गटात जगात पहिली आली आहेत. तेव्हा उत्तर शोधायचं तर स्पीडवे स्वाराची कारकीर्द नेमकी कशाने बनते, इथून सुरुवात करायला हवी.

आधी खेळ. अंडाकृती मातीचा ट्रॅक, साधारण 260 ते 425 मीटर लांबीचा. चार स्वार, चार चकरा, घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे वळण कायम डावीकडे. एक शर्यत मिनिटभरात आटोपते. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा. गाडीचं इंजिन 500 सीसीचं, एकाच सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक आणि पेट्रोलऐवजी मिथेनॉलवर चालणारं. वजन किमान 77 किलो, म्हणजे आपल्याकडच्या साध्या 100 सीसीच्या मोटरसायकलपेक्षाही कमी. धावताना गिअर बदलणं नाही. आणि ब्रेक नाहीत. पुढे नाहीत, मागेही नाहीत.

ब्रेक नसणं हा वेडेपणा वाटतो, पण त्यामागे विचार आहे. चार गाड्या एकमेकींना खेटून वळणात शिरतात. त्यात एकाने अचानक ब्रेक दाबला तर मागचा सरळ त्याच्या अंगावर जाणार. शिवाय वेग कमी करायला ब्रेक लागतच नाही, मागचं चाक आडवं घसरवलं की तेच काम होतं.

ही घसरण हेच या खेळाचं सगळं शास्त्र. सरळ रस्ता संपत आला की स्वार अंगाचा भार टाकून गाडी डावीकडे झुकवतो आणि थ्रॉटल बंद न करता उघडाच ठेवतो. मागचं चाक गाडीच्या वेगापेक्षा जास्त जोरात फिरू लागतं, मातीवरची पकड सोडतं आणि बाहेरच्या बाजूला, उजवीकडे सरकतं. गाडीचं तोंड आता वळणाच्या आतल्या बाजूला वळलेलं असतं. त्यामुळे मागच्या चाकाचा जोर गाडीला नुसता पुढे नाही, तर आतल्या दिशेनेही ढकलतो आणि वळण घडवतो तो हाच जोर. पुढचं चाक या वेळी उजवीकडे वळलेलं दिसतं. फोटो पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस डावीकडे चाललाय की उजवीकडे? हँडल फक्त तोल राखायला, वळवायचं काम उजव्या मनगटाचं. घाबरून थ्रॉटल सोडला तर मागच्या चाकाला एकदम पकड येते, गाडी झटक्यात सरळ होते आणि स्वार वरून भिरकावला जातो. म्हणजे भीती वाटली की गॅस द्यायचा. माणसाच्या सहज स्वभावाच्या हे उलट आहे, म्हणून ते लहान वयातच अंगी मुरवावं लागतं.

डाव्या बुटाखाली पोलादी तळ चढवलेला असतो, वळणात तो पाय जमिनीवरून घसरत जातो. मनगटाला एक दोरी बांधलेली असते. स्वार पडला की ती निसटते आणि इंजिन बंद पडतं.

मिनिटभराची शर्यत बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन सेकंदांत ठरते. समोरची फीत वर उडते, क्लच सुटतो, आणि पहिल्या वळणात जो पुढे शिरला त्याच्या मागच्यांच्या तोंडावर मातीचा फवारा. कोणत्या जागेवरून सुटायला मिळालं यावरही बरंच अवलंबून. आतली जागा जवळची, पण संध्याकाळभर शर्यती झाल्या की सैल माती बाहेरच्या कडेला जाऊन साठते आणि मग बाहेरच्याला जास्त पकड मिळते. पाऊस पडून गेला असेल, ट्रॅकवर पाणी मारलं असेल, तर गणित पुन्हा बदलतं. म्हणून स्वार दोन शर्यतींच्या मध्ये मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, बदलत बसलेले दिसतात. एका दाताच्या फरकाने सुरुवात बिघडते.

ही सगळी समज येते कशाने? वेगवेगळ्या ट्रॅकवर, आपल्यापेक्षा सरस स्वारांबरोबर, आठवड्याला दोन-तीनदा शर्यती केल्याने. एकट्याने सराव करून ती येत नाही, कारण अवघड भाग पहिल्या वळणातल्या गर्दीचा आहे. झेक स्वारांचं घोडं नेमकं इथे अडलं, असं माझं मत आहे.

1929 साली पार्दुबित्से गावी ‘झ्लाता प्रशिल्बा’, म्हणजे सुवर्ण शिरस्त्राण, ही शर्यत पहिल्यांदा झाली. पहिला विजेता झ्देनेक पोल. हे गाव घोड्यांच्या अडथळा शर्यतीसाठी प्रसिद्ध, आणि मोटरसायकलीही सुरुवातीला त्याच घोड्यांच्या मैदानावर पळाल्या. पुढे ही शर्यत स्वीत्कोव स्टेडियममध्ये आली. रूढ स्पीडवेत चार स्वार असतात, इथे आजही एका वेळी सहा सोडतात. पाहुण्या विजेत्यांची यादी वाचायची तर जगज्जेत्यांची यादी वाचल्यासारखं होतं.

गाडीची गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरची. तोवर या खेळात इंग्लंडच्या जेएपी इंजिनाची सद्दी होती. पूर्व युरोपात कम्युनिस्ट राजवट आल्यावर ती इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग मिळणं दुरापास्त झालं. स्वतः शर्यती करणाऱ्या यारोस्लाव सिमांदलने 1949 मध्ये दिविशोवला आपलं इंजिन बनवायला घेतलं, तेच एसो. 1964 मध्ये तो कारखाना जावात विलीन झाला. 1966 मध्ये बॅरी ब्रिग्ज याच यंत्रावर जगज्जेता झाला आणि 1968 पासून वर सांगितलेली आठ वर्षांची रांग लागली. 1976 मध्ये पीटर कॉलिन्सने इंग्लिश वेस्लेक इंजिनावर जिंकून ती तोडली.

जावा म्हटलं की आपल्याकडे वेगळीच गाडी डोळ्यांसमोर येते. म्हैसूरला इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने बनवलेली टू-स्ट्रोक जावा, पुढे 1973 पासून येझदी. पुण्या-मुंबईपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंत अजूनही कुणाच्या तरी वडिलांची किंवा आजोबांची एखादी अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. 2018 मध्ये महिंद्रा समूहातल्या क्लासिक लेजंड्सने हे नाव पुन्हा रस्त्यावर आणलं. दिविशोवच्या स्पीडवे गाडीचं आणि या गाड्यांचं नाव एकच असलं, तरी यंत्र म्हणून त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

आता त्या काळच्या स्वाराकडे येऊ. 1965 मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिटिश लीग सुरू झाली आणि पुढची वीसेक वर्षं तीच या खेळाची शाळा होती. मॉजर, ओल्सन, मिहानेक हे सगळे तिथे आठवडाभर वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या आकारांच्या ट्रॅकवर धावत. झेकोस्लोव्हाकियाच्या स्वाराला तिथे मोकळेपणाने जाता येत नसे. प्रागचा बलाढ्य क्लब रुदा ह्वेज्दा, म्हणजे लाल तारा, गृहखात्याचा. बाहेर जायची परवानगी सरकारची, परकीय चलनाचा हिशेबही सरकारचा. काहींना संधी मिळाली. वाक्लाव वेर्नर 1970 च्या दशकात इंग्लंडच्या एक्झिटर क्लबाकडून धावला. पण हे अपवाद, तेही थोड्या हंगामांपुरते. म्हणजे मॉजर झेक गाडी घेऊन इंग्लंडात रोज शिकत होता, आणि ती गाडी ज्याच्या अंगणात बनत होती तो वर्षातून मोजक्या वेळा त्याच्याशी भिडत होता.

त्यात जगज्जेतेपदाची पद्धतही क्रूर होती. 1994 पर्यंत ते एका रात्रीत ठरे. 16 स्वार, 20 शर्यती, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. रचना अशी की प्रत्येक जण उरलेल्या पंधरा जणांपैकी प्रत्येकाशी बरोबर एकदा भिडतो. मोठी सुंदर मांडणी आहे ही, कागदावर करून पाहा. जास्तीत जास्त गुण 15. वर्षभराची मेहनत पाच मिनिटांत तोलली जायची. एखादा बाहेरचा माणूस त्या रात्री चमकून जाई. 1973 मध्ये पोलंडमध्ये होझूफला श्चाकिएल आणि मॉजर यांचे गुण समान झाले, निर्णायक शर्यतीत मॉजर पडला आणि पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. तशी रात्र झेक स्वाराच्या वाट्याला आली नाही. यिर्झी श्तान्त्सल 1970 च्या आणि 80 च्या दशकांत अंतिम फेरीपर्यंत पुन्हा पुन्हा पोचला, पण किताब नाही.

बर्फावरच्या स्पीडवेत चित्र वेगळं दिसतं. चाकांना लांब लोखंडी खिळे, आणि वळणात गाडी एवढी आडवी होते की हँडलचं टोक बर्फाला टेकायला येतं. तिथे अंतोनिन श्वाब 1970 मध्ये आणि मिलान श्पिंका 1974 मध्ये जगज्जेते झाले. या खेळाचं केंद्र इंग्लंड नव्हतं, सोव्हिएत संघ होता. तिकडचं दार झेक स्वाराला बंद नव्हतं. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही, पण हा मला पुरेसा बोलका वाटतो.

या काळातलं सर्वांत मोठं नाव लुबोश तोमिचेक. जन्म 1934. ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्यानंतर दोन महिन्यांनी, 20 ऑक्टोबरला, पार्दुबित्सेला सुवर्ण शिरस्त्राणाच्या शर्यतीत तोमिचेक पडला आणि मरण पावला. वय 34. प्रागच्या ब्रेव्ह्नोव भागातल्या मार्केता ट्रॅकवर त्याच्या नावाची स्मृतिशर्यत होते. त्याचा मुलगा स्पीडवेत उतरला, नातूही उतरला, आणि तिघांचंही नाव लुबोश तोमिचेकच.

बाप-मुलगा ही जोडी झेक स्पीडवेत जागोजागी भेटते. अंतोनिन कास्परचे वडील अंतोनिन कास्पर हेही स्पीडवे स्वार. लुकाश आणि अलेश हे ड्रिमल बंधू, त्यांचे वडील अलेश ड्रिमल हेही स्वार. वाक्लाव मिलीकचे वडील वाक्लाव मिलीक, पुन्हा तेच. घराण्यांचं कौतुक बाजूला ठेवून यामागचा व्यवहार पाहावा. या खेळात गाड्या स्वाराच्या स्वतःच्या असतात. दोन-तीन गाड्या, जास्तीची इंजिनं, व्हॅन, मेकॅनिक, इंजिन बांधून देणारा ट्यूनर, सगळा खर्च त्याचा. क्लब त्याला करारापोटी काही रक्कम देतो आणि मग मिळवलेल्या प्रत्येक गुणामागे पैसे. शून्य गुण म्हणजे त्या शर्यतीचं शून्य, आणि टायर तर झिजलेलाच. आपल्याकडचा स्वतःच ट्रकचा मालक आणि स्वतःच चालक असलेला माणूस जसा फेऱ्यांवर जगतो, तसाच हा. अशा धंद्यात ज्याच्या घरी गॅरेज, हत्यारं आणि चुका दाखवणारा बाप आधीच आहे, तो दहा पावलं पुढून सुरू करतो.

अंतोनिन कास्पर, म्हणजे मुलगा, 1962 चा. 1982 मध्ये तो 21 वर्षांखालच्या स्वारांचा विजेता ठरला. नावाला स्पर्धा युरोपीय होती, पण इतर खंडांतल्या स्वारांनाही खुली असल्यामुळे ती जगज्जेतेपदासारखीच मोजली जाते. त्यानंतर थेट वीस वर्षांनी, 2002 मध्ये, लुकाश ड्रिमल या गटात जगज्जेता झाला, तोही घरच्या मैदानावर, स्लानीला. दोघांनी मोठ्यांच्या गटात भरपूर शर्यती केल्या, पण त्या गटाचा किताब दोघांपैकी कुणालाच मिळाला नाही. कास्पर 31 डिसेंबर 2006 रोजी कर्करोगाने गेला, वय अवघं 44.

कास्परचं अडणं राजवटीच्या खात्यावर टाकता येईल. ड्रिमलचं नाही. 1989 नंतर दारं उघडली होती. तोमाश तोपिंका इंग्लंडात किंग्ज लिन क्लबाचा लाडका झाला, कितीतरी झेक मुलं तिथल्या आणि पोलंडमधल्या क्लबांकडे गेली. पण तोवर खेळाचा पैसा पोलंडकडे सरकू लागला होता. 1990 मध्ये डेन्मार्कचा हान्स नील्सन लुब्लिनकडून खेळायला गेला आणि परदेशी तारे पोलंडला जाण्याची वाट रुळली. आज पोलंडची एक्स्ट्रालिगा ही जगातली सर्वांत श्रीमंत लीग आहे. गावागावांत भरलेली स्टेडियमं, टीव्हीचे पैसे, शहरांच्या नगरपालिकांचा आधार. तिथून टोमाश गोलोब 2010 मध्ये जगज्जेता झाला, श्चाकिएलनंतर 37 वर्षांनी, आणि मग बार्तोश झ्मार्झलिकने 2019 पासून किताबांची रासच लावली. पोलंडला त्यांचे तारे घरच्या लीगने घडवून दिले. झेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, ट्रॅक मोजके: प्राग, पार्दुबित्से, प्लझेन, स्लानी, आणखी थोडे. घरची लीग पोट भरण्याइतकी मोठी नाही. त्यामुळे झेक स्वाराला सतत दुसऱ्याच्या घरी जागा मागावी लागते.

आणि त्या घराचे नियम घरच्यांच्या सोयीचे असणार, यात गैर काही नाही. एक्स्ट्रालिगाच्या संघात 21 वर्षांखालचे दोन ज्युनियर पोलिश असावे लागतात. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पोलिश मुलगा जगातल्या उत्तम स्वारांबरोबर आठवड्याला धावतो, तर तेवढ्याच वयाच्या झेक मुलाला जागा मिळवायला आधी मोठ्यांच्या तोडीचं व्हावं लागतं. 2021 मध्ये नियम आला की प्रत्येक संघाने 24 वर्षांपर्यंतचा एक स्वार खेळवायचा, आणि तो परदेशी चालतो. परदेशी तरुणांसाठी ही फट मोठी महत्त्वाची ठरली.

यान क्वेख त्या फटीतून वर आलेला स्वार. जन्म ऑगस्ट 2001. पोलंडमध्ये झेलोना गुराच्या फालुबाझकडून तो खेळत होता. 2023 मध्ये हा क्लब दुसऱ्या श्रेणीतून वर चढला आणि क्वेख एक्स्ट्रालिगात आला. 2024 मध्ये तो ग्रां प्रीचा पूर्ण हंगाम धावला.

ग्रां प्री म्हणजे 1995 पासूनची नवी पद्धत. एका रात्रीऐवजी हंगामभर देशोदेशी फेऱ्या, गुणांची बेरीज, शेवटी पहिला तो जगज्जेता. प्रागचं मार्केता 1997 पासून या मालिकेत आहे. तिथे दर वेळी एखाद्या झेक स्वाराला पाहुण्याची जागा मिळते, पण एका रात्रीचं आमंत्रण वेगळं आणि हंगामभराची कायम जागा वेगळी. कायम जागा झेक स्वाराला बऱ्याच वर्षांनी मिळाली होती. पहिल्या वर्षी क्वेख तक्त्याच्या तळाकडेच राहिला, यात आश्चर्य नाही. एका रात्रीच्या जमान्यात नशिबाने वर येता येत असे, मालिकेत येत नाही. इथे गुण ठरतात ते इंजिनांच्या संख्येवर, ट्यूनरवर, मेकॅनिकच्या झोपेवर. मंगळवारी स्वीडन, शुक्रवारी-रविवारी पोलंड, मधल्या शनिवारी ग्रां प्री, आणि उरलेला वेळ व्हॅनमध्ये, असा उन्हाळा काढताना चुकायला जागा नसते. मोठा क्लब आणि मोठे प्रायोजक पाठीशी असलेल्याला एखादं इंजिन फुटल्याने फरक पडत नाही. इतरांना पडतो.

2025 मध्ये क्वेख तोरुन्यच्या क्लबाकडे गेला, त्याच 24 वर्षांपर्यंतच्या जागेवर, आणि तोरुन्यने त्या वर्षी लीग जिंकली. त्याच ऑगस्टमध्ये त्याला 24 पूर्ण झाली. 2026 पासून ती राखीव जागा त्याच्यासाठी नाही. आता संघात बसायचं तर मोठ्यांच्या जागांवर, जिथे ऑस्ट्रेलियन, डॅनिश, ब्रिटिश आणि पोलिश स्वार आधीच रांगेत आहेत, आणि क्लब मालक फक्त गुणांची सरासरी बघतो. त्याच्याच वयाच्या बऱ्याच स्वारांची हीच गत आहे, पण त्यांतल्या पोलिश मुलांना खाली दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतले घरचे क्लब तरी आहेत.

दिविशोवचा कारखाना अजून स्पीडवेच्या गाड्या आणि इंजिनं बनवतो. मात्र ग्रां प्रीच्या पिट्समध्ये गेलात तर इंजिनांवर बहुतेक सगळीकडे जीएमची, म्हणजे इटलीच्या जुझेप्पे मार्झोत्तोच्या कंपनीची, अक्षरं दिसतील.